आगाऊ कर आणि देणे कर : व्यापाऱ्याच्या वर्षाचा दुहेरी हिशेब

व्यापाऱ्याच्या जीवनात देणे ही काही नवीन वस्तू नव्हे. उधारीने माल आणावा, मुदतीस पैसे पोचते करावेत आणि पेढीची पत राखावी, हेच त्याचे बाळपणापासूनचे शिक्षण. कोणाचे देणे कोणत्या दिवशी फिटले पाहिजे हे निपाणीच्या वखारीतील दिवाणजीस किंवा बेळगावच्या रविवार पेठेतील दुकानदारास कोणी सांगावे लागत नाही. परंतु आयकराच्या देण्याविषयी मात्र आपल्या पुष्कळ बांधवांच्या मनात एक समज घट्ट बसलेला आढळतो. वर्ष संपावे, हिशेब पुरे व्हावेत, विवरणपत्र भरण्याची वेळ यावी, आणि त्या वेळी जो कर निघेल तो एकरकमी भरून मोकळे व्हावे, असा तो समज होय. तो कायद्यास धरून नाही, आणि तो बाळगणाऱ्या पेढीस दरसाल काही रक्कम व्याजाच्या रूपाने निष्कारण गमवावी लागते. ही रक्कम खतावणीत ठळकपणे दिसत नाही. ती कराच्याच आकड्यात मिसळून जाते, आणि म्हणूनच तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. या स्मरणिकेच्या वाचकांपुढे हा विषय थोड्या विस्ताराने मांडावा असे आम्हांस वाटले, त्याचे कारण हेच.

आयकर तीन वाटांनी सरकारजमा होतो. चालू वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज बांधून, ते वर्ष चालू असतानाच जो कर हप्त्यांनी भरावयाचा तो आगाऊ कर. वर्ष संपल्यावर हिशेब पक्के करून, भरलेला आगाऊ कर आणि मुळातून कापला गेलेला कर वजा जाता जी बाकी निघते ती विवरणपत्र सादर करण्यापूर्वी स्वतः भरावयाची. तो स्वयंनिर्धारण कर. आणि पुढे आयकर अधिकाऱ्याने आकारणी करून मागणीची नोटीस धाडली म्हणजे तीस दिवसांच्या आत जो भरावा लागतो तो नियमित आकारणीचा कर. पहिला अंदाजाचा, दुसरा हिशेबाचा आणि तिसरा हुकमाचा. आपल्या बांधवांचा घोटाळा होतो तो पहिल्या दोहोंत. स्वयंनिर्धारण कर हा मुळात उरलेसुरले फेडण्यासाठी आहे, सगळेच देणे त्या दिवसापर्यंत थकवून ठेवण्यासाठी नव्हे.

नियम थोडक्यात असा. मुळातून झालेली कपात वजा जाता वर्षाचा कर दहा हजार रुपये किंवा अधिक होणार असेल, तर आगाऊ कर भरणे बंधनकारक आहे. १५ जूनपर्यंत एकूण कराच्या १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण १०० टक्के. हे आकडे एकत्रित आहेत हे ध्यानात ठेवावे, म्हणजे सप्टेंबरमध्ये नव्याने भरावयाचे ते ३० टक्केच. १५ मार्च हुकली तरी ३१ मार्चपर्यंत भरलेली रक्कम आगाऊ कर म्हणूनच धरली जाते. साठ वर्षे पूर्ण झालेल्या आणि धंद्याचे उत्पन्न नसलेल्या निवासी व्यक्तींना यातून सूट आहे. दुकान मुलांच्या स्वाधीन करून व्याजावर व भाड्यावर निर्वाह करणाऱ्या आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना ही सूट मिळते. परंतु भागीदारीत नाव ठेवून तेथून पगार वा व्याज घेणाऱ्या वडिलांना ती मिळत नाही, कारण भागीदारास पेढीकडून मिळणारा मोबदला व व्याज हे कायद्याच्या दृष्टीने धंद्याचेच उत्पन्न होय.

हा आगाऊ कर काही आजकालचा नव्हे. हिंदुस्थानात आयकर प्रथम आला तो १८६० साली. १८५७ च्या उठावाने रिकामा झालेला खजिना भरून काढण्यासाठी जेम्स विल्सन यांनी तो आणला. पण त्या वेळी आणि त्यानंतरही कित्येक दशके वर्ष संपल्यावर आकारणी आणि आकारणीनंतर भरणा, अशीच रीत होती. ती बदलली दुसऱ्या महायुद्धाने. युद्धाच्या खर्चामुळे नोटा वाढल्या, माल कमी झाला आणि महागाईचा भडका उडाला. लोकांच्या हाती खेळणारा पैसा लवकर काढून घेतला पाहिजे, हा विचार त्या काळी सर्वच देशांत बळावला होता. अमेरिकेने १९४३ साली चालू वर्षातच कर वसूल करण्याचा कायदा केला, इंग्लंडात १९४४ साली पगारातून कर कापून घेण्याची पद्धत सुरू झाली, आणि त्याच १९४४ साली, सर जेरेमी रेझमन अर्थखात्याचे सदस्य असताना, १९२२ च्या आयकर कायद्यात कलम १८अ घालून आगाऊ कराची प्रथा येथेही आणली गेली.

त्या जुन्या कलमात एक गंमत होती, ती आजच्या पिढीस ठाऊक नाही. सरकार आगाऊ मिळालेल्या पैशावर व्यापाऱ्यास दरसाल दोन टक्के व्याज देत असे. कराचा अंदाज फारच कमी करून ऐंशी टक्क्यांहूनही कमी भरणा केला, तर उलट सहा टक्के व्याज घेत असे. म्हणजे आपला पैसा मुदतीपूर्वी आपण वापरीत आहो, ही जाणीव त्या वेळच्या सरकारास निदान कागदावर तरी होती. १९६१ चा आयकर कायदा १ एप्रिल १९६२ पासून लागू झाला, पुढे हप्ते कधी चार, कधी तीन असे बदलत गेले. २०१६ पर्यंत कंपन्यांस चार आणि आपल्यासारख्या पेढ्यांस तीन हप्ते होते. त्या वर्षापासून जूनचा हप्ता सर्वांनाच लागू झाला, आणि जुन्या वळणाच्या दिवाणजींच्या टिपणात अजूनही सप्टेंबर हाच पहिला हप्ता असल्यास नवल नाही. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी २०२५ चा नवा आयकर कायदा आला. कलमांचे क्रमांक बदलले, चार हप्त्यांची रचना मात्र तीच राहिली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. निपाणी, चिकोडी, संकेश्वर येथील पेढ्यांचा विक्रीकर, परवाने, कचेरीची भाषा, सारे पालटले. सीमेचा प्रश्न त्यानंतर महाजन आयोगाच्या आणि न्यायालयाच्या वाटेने किती दशके चालला आहे हे येथील कोणाही घरास सांगण्याची गरज नाही. परंतु आयकर केंद्राचा असल्याने त्याच्या तारखा सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे सारख्याच राहिल्या. कोल्हापूरच्या गुळाच्या अडत्यास आणि निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्यास १५ मार्च एकाच दिवशी उगवते. फरक एवढाच की, ती निपाणीत फार अडचणीच्या वेळी उगवते.

ही अडचण नीट समजून घेतली पाहिजे, कारण सगळ्या विषयाची नाडी येथे आहे. आपल्या भागातील विडीची तंबाखू पावसाळ्यात रोपाने लागते, हिवाळ्यात कापली जाते, उन्हात वाळते आणि नंतर बाजारात येते. जानेवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत शेतकरी माल घेऊन उभा असतो व त्याला रोकड हवी असते. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या महामार्गावर शेतकऱ्यांनी जो ठिय्या दिला आणि ज्याचा शेवट गोळीबारात झाला, तो याच दिवसांतला होता. हंगामातील रोकडीची निकड केवढी तीव्र असते याची ती साक्ष होय. याच दिवसांत व्यापाऱ्याची तिजोरी रिकामी होऊन वखार भरते. पुढे वर्षभर माल चाळला जातो, जर्दा तयार होतो, विडी कारखान्यांना जातो आणि पैसे सवडीने परत येतात. अशा ऐन खरेदीच्या मोसमात कराचा शेवटचा हप्ता येऊन उभा राहतो. मग स्वाभाविकच विचार येतो की, सरकारचे देणे जुलैपर्यंत राहू द्यावे, आधी माल घ्यावा.

पूर्वी या दुखण्यावर एक नैसर्गिक तोड होती. व्यापाऱ्याचे वर्ष दिवाळीस संपत असे. आपल्या समाजात तर दिवाळी हा भगवान महावीरांच्या निर्वाणाचा दिवस, आणि दुसऱ्या दिवसापासून वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष. वहीपूजन, जुन्या बाक्या ओढणे, नव्या वहीवर स्वस्तिक काढणे हे सर्व त्याच वेळी होई, आणि साधारणतः मागील हंगामाचा बराचसा माल तोवर निघून गेलेला असल्यामुळे नफातोटा डोळ्यांना दिसत असे. आयकर कायदाही व्यापाऱ्यास आपले हिशेबी वर्ष निवडण्याची मुभा देत असे. ती मुभा १९८९-९० च्या आकारणी वर्षापासून गेली आणि सर्वांचे वर्ष ३१ मार्चला संपू लागले. वहीपूजन आपण आजही दिवाळीस करतो, ते योग्यच आहे. परंतु त्या दिवशी पूजिलेली वही कराच्या वर्षाच्या मध्यावर उघडलेली असते. नेमक्या याच कारणाने दिवाळीच्या सुमारास, १५ डिसेंबरच्या हप्त्यापूर्वी, एकदा कच्चा नफातोटा काढण्याची चाल ठेवावी असे आम्ही सुचवितो. शुभदिनी वही हाती घेतलेलीच असते.

३१ मार्चला वखार भरलेली आणि तिजोरी रिकामी असली, तरी कर बसतो तो विकल्या गेलेल्या मालाच्या नफ्यावर. शिल्लक माल खरेदीभावाने किंवा बाजारभावाने, जो कमी असेल त्याने, हिशेबात धरला जातो. म्हणून “सगळा पैसा मालात आहे, कर कोठून देऊ?” हे म्हणणे मनुष्यस्वभावास धरून असले तरी कायद्यास ते ऐकू येत नाही.

आता या थकवण्याची किंमत काय पडते ते आकड्यांनी पाहू. समजा, एका भागीदारी पेढीचा कपात वजा जाता वर्षाचा कर २,४०,००० रुपये आहे आणि तिने एकही हप्ता न भरता सर्व कर पुढील जुलैअखेर भरला. हप्ते चुकल्याचे व्याज असे लागते : जूनच्या ३६,००० रुपयांवर तीन महिन्यांचे तीन टक्के, म्हणजे १,०८० रुपये, सप्टेंबरच्या १,०८,००० वर ३,२४०, डिसेंबरच्या १,८०,००० वर ५,४००, आणि मार्चच्या २,४०,००० वर एका महिन्याचे २,४००. बेरीज १२,१२० रुपये. याशिवाय, ३१ मार्चपर्यंत नव्वद टक्के कर भरलेला नसल्यामुळे एप्रिलपासून दरमहा एक टक्क्याप्रमाणे चार महिन्यांचे ९,६०० रुपये वेगळे. एकूण २१,७२० रुपये. हिशेबाची तपासणी व्हावयाची म्हणून तोच भरणा ऑक्टोबरअखेर नेला, तर या दुसऱ्या व्याजाचेच १६,८०० होतात. महिन्याचा एक दिवस उलटला तरी महिना पूर्ण धरला जातो, हेही विसरू नये.

कोणी म्हणेल, दोन लाख चाळीस हजार रुपये इतके महिने वापरावयास मिळाले, त्याच्या मानाने एकवीस हजार काय मोठे? सौहार्द संस्थेतून कर्ज काढले असते तरी एवढे पडलेच असते. येथेच खरी मेख आहे. प्रत्येक हप्ता किती महिने वापरला याची सरासरी काढली तर हे व्याज दरसाल साडेबारा टक्क्यांच्या वर जाते, आणि हे व्याज धंद्याचा खर्च म्हणून वजा मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली ते स्पष्ट केलेले आहे. ३१.२ टक्के कर देणाऱ्या पेढीस हे २१,७२० रुपये फेडण्यासाठी करापूर्वीचे सुमारे ३१,५७० रुपये मिळवावे लागतात. म्हणजे वजावट मिळणाऱ्या कर्जाच्या भाषेत हा दर साडेअठरा टक्क्यांच्या आसपास पडला. मालासाठी बँकेच्या कॅश क्रेडिटवर दिलेले व्याज मात्र खर्चात धरले जाते.

तेव्हा उलटापालट कोठे होते ते पहा. पुष्कळ पेढ्या स्वतःचा रोख पैसा मालात घालतात आणि पुढे कर भरण्यासाठी कर्ज काढतात. आयकर भरण्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याजही खर्च म्हणून मिळत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा निवाडा आहे. कर स्वतःच्या पैशातून मुदतीस भरावा आणि कर्ज काढावयाचेच तर ते मालासाठी काढावे. पैसा तोच, कर्जही तेच, परंतु कोणता पैसा कोणत्या खात्यास लावला यावर पेढीचे हजारो रुपये अवलंबून असतात.

अंदाज चुकण्याचे भय आपल्या लोकांना फार वाटते. तंबाखूचा भाव जूनमध्ये कोण सांगणार? हा प्रश्न रास्त आहे. पण प्रामाणिक अंदाज चुकल्यास काय होते ते त्याच पेढीच्या उदाहरणावरून पाहावे. तिने जूनमध्ये कर १,६०,००० होईल असे धरून त्या प्रमाणात २४,००० भरले, सप्टेंबरअखेर एकूण ७२,००० आणि डिसेंबरअखेर १,२०,००० भरले, आणि माघात भाव चढून नफा वाढल्यावर १५ मार्चपूर्वी उरलेली सर्व रक्कम भरून २,४०,००० पुरे केले. तिला तिन्ही हप्त्यांच्या कमतरतेबद्दल अनुक्रमे ३६०, १,०८० आणि १,८०० असे एकूण ३,२४० रुपये द्यावे लागतील. एकवीस हजार कोठे आणि सव्वातीन हजार कोठे! पहिल्या दोन हप्त्यांत तर बारा व छत्तीस टक्क्यांपर्यंत भरणा झाला असला तरी त्या हप्त्यांचे व्याज कायदा सोडून देतो. अनपेक्षित भांडवली नफा झाला, एखादी जुनी जागा विकली, लाभांश आला किंवा धंदाच नव्याने सुरू झाला, तर तेवढ्या उत्पन्नावरील कर उरलेल्या हप्त्यांत भरल्यास मागील हप्त्यांचे व्याज लागत नाही.

येथे अमेरिकेची तुलना उद्बोधक आहे. आपल्या अनेक घरांतील मुले-मुली आज तिकडे आहेत आणि तेथे स्वतंत्र धंदा करणाऱ्यास १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढील १५ जानेवारी असे चार हप्ते भरावे लागतात. परंतु तेथे गेल्या वर्षाच्या कराइतकी रक्कम, आणि उत्पन्न मोठे असेल तर तिच्या एकशेदहा टक्के, हप्त्यांनी भरली की यंदाचा नफा कितीही वाढला तरी दंड लागत नाही. म्हणजे मागील वर्ष हेच ढालीचे काम करते. आपल्याकडे जुन्या कलम १८अ मध्ये गतवर्षीच्या आकारणीवरून अधिकारी मागणी धाडी आणि व्यापाऱ्यास वाटल्यास कमी अंदाज सादर करता येई. ती थोडी या धर्तीची व्यवस्था होती. आजचा आपला कायदा शेवटच्या प्रत्यक्ष कराकडे पाहून मागच्या हप्त्यांचा हिशेब मांडतो. हंगामी पिकावर जगणाऱ्या बाजारपेठांसाठी अमेरिकेसारखी सवलत येथेही असावी अशी मागणी व्यापारी संघटनांनी करण्यासारखी आहे, असे आमचे मत आहे.

आणखी एक गाऱ्हाणे नोंदवून ठेवतो. आपण कर उशिरा भरला तर व्याज दरमहा एक टक्का. आपण जास्त भरला आणि सरकारने परतावा दिला, तर व्याज दरमहा अर्धा टक्का. तेही परतावा एकूण कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर मुळीच नाही. आपण दिलेले व्याज खर्चात धरले जात नाही, सरकारकडून मिळालेले मात्र उत्पन्नात धरले जाते. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी अचौर्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले त्यांत ‘हीनाधिकमानोन्मान’ हा एक आहे : देताना एक माप आणि घेताना दुसरे. श्रावकास वर्ज्य असलेली ही गोष्ट राज्यास कशी शोभते, हा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. परंतु त्याच अतिचारांच्या यादीत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ही आहे. टीकाकारांनी त्याचे विवरण निरनिराळ्या शब्दांत केले असले तरी राज्याची मर्यादा मोडून केलेला व्यवहार हा त्याचा गाभा होय. मुदतीनंतर व्याजासह कर भरणारा करबुडवा नव्हे, हे खरेच. तरीही दुसऱ्याचा पैसा मुदत टळल्यावर आपल्या धंद्यात फिरवीत ठेवणे, हे ज्या समाजात देणे मुदतीस देण्यावर पिढ्यान् पिढ्या पत उभी राहिली त्या समाजास साजणारे नाही. सरकारचे माप खोटे म्हणून आपले खोटे ठेवता येत नाही.

कोणास हे हप्ते लागत नाहीत आणि कोणास लागत नाहीत असे वाटूनही लागतात, हे सांगणे अगत्याचे आहे. २०२५-२६ पासून नव्या कररचनेत बारा लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या निवासी व्यक्तीस सवलतीमुळे, विशेष दराची भांडवली उत्पन्ने सोडता, कर पडत नाही. साहजिकच लहान दुकानदारास आगाऊ कराची चिंता नाही. परंतु ही सवलत व्यक्तीस आहे. हिंदू अविभक्त कुटुंबास किंवा भागीदारी पेढीस नाही. आपल्या अनेक घरांत वखार अविभक्त कुटुंबाच्या नावे आणि दुकान पेढीच्या नावे असते. तेथे प्रत्येकाचा अंदाज वेगळा काढावा. पेढीच्या नफ्याचा वाटा भागीदाराच्या हाती करमुक्त असला, तरी त्याचा पगार व भांडवलावरील व्याज करपात्र असते आणि त्याचा आगाऊ कर त्याने स्वतः भरावयाचा असतो. १ एप्रिल २०२५ पासून अशा रकमांतून, वर्षाला वीस हजारांहून अधिक असल्यास, पेढीने दहा टक्के कर कापावयाचा आहे. ही कपात अंदाजातून वजा करावी, पण वरच्या दराच्या भागीदारास ती पुरत नाही.

उलाढालीवर ठरावीक टक्के नफा धरून कर भरण्याची सोपी पद्धत ज्यांनी घेतली आहे, त्यांना चार हप्ते नाहीत. त्यांनी १५ मार्चपर्यंत एकाच वेळी सर्व कर भरावयाचा. मात्र ही पद्धत अडत, दलाली व कमिशनच्या धंद्यास लागू नाही. बाजार समितीच्या आवारातील कित्येक अडत्ये आपली उलाढाल मर्यादेत आहे एवढ्यावरून मार्चपर्यंत निश्चिंत असतात. त्यांना चारही हप्ते लागतात.

शेतीचा प्रश्न आपल्या भागात विशेष येतो, कारण येथील जैन समाज जितका व्यापारी तितकाच शेतकरी आहे. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. स्वतःच्या शेतात पिकविलेली तंबाखू वाळवून विकण्याजोगी करणे हे शेतीचेच काम. परंतु विकत घेतलेल्या मालावर वखारीत केलेली प्रक्रिया हा व्यापार होय, आणि दोन्ही मालांचा जमाखर्च एकाच वहीत मिसळणे धोक्याचे. शिवाय, १९७३ पासून व्यक्तीचा व कुटुंबाचा कराचा दर ठरविताना शेतीचे उत्पन्न, ते पाच हजारांहून अधिक असल्यास, इतर उत्पन्नात मिळविले जाते. शेती करमुक्त असूनही ती दुकानाच्या उत्पन्नास वरच्या पायरीवर ढकलते. उसाची बिले अंदाजातून वगळणाऱ्यांचा आगाऊ कर कमी पडतो तो याच कारणाने.

शेवटी जून महिन्याविषयी. या एका महिन्यात व्यापाऱ्यापुढे दोन वर्षांचे देणे एकाच वेळी असते : सरलेल्या वर्षाचा राहिलेला कर आणि नव्या वर्षाचा पहिला हप्ता. बँक तीच, भरणारा तोच, आणि पुष्कळदा दोन्ही भरणे एकाच दुपारी संगणकावर उरकले जातात. आजवरच्या चलनांत आगाऊ करास १००, स्वयंनिर्धारण करास ३०० आणि नियमित आकारणीच्या करास ४०० हे संकेतांक आहेत. संकेतांक वा वर्ष चुकले की पैसे सरकारात पोचूनही ज्या खात्यावर हवे तेथे जमा होत नाहीत, आणि भरलेल्या कराची मागणी पुन्हा येते.

नव्या कायद्याने या घोटाळ्यात एक नवी भर घातली आहे. जुन्या कायद्यात २०२५-२६ या वर्षाच्या उत्पन्नाचे आकारणी वर्ष २०२६-२७. नव्या कायद्यात आकारणी वर्ष हा शब्दच राहिला नाही. ज्या वर्षी उत्पन्न तेच ‘कर वर्ष’. त्यामुळे १ एप्रिल २०२६ पासून सुरू झालेल्या वर्षाचे नाव कर वर्ष २०२६-२७. आकडे हुबेहूब तेच, वर्षे मात्र दोन. २०२५-२६ ची बाकी जुन्या कायद्याखाली, आकारणी वर्ष २०२६-२७ असे निवडून, स्वयंनिर्धारण कर म्हणून भरावयाची. आणि जूनचा हप्ता नव्या कायद्याखाली, कर वर्ष २०२६-२७ असे निवडून, आगाऊ कर म्हणून. सनदी लेखापालास केवळ “सव्वीस-सत्तावीसचे भरले” असे सांगितल्यास त्यालाही बोध होणार नाही.

म्हणून खतावणीत दोन खाती वेगळी उघडावीत : ‘आगाऊ कर’ आणि ‘गतवर्षाचा देणे कर’, आणि प्रत्येकाच्या मथळ्यावर आकारणी वर्षाचा क्रमांक न लिहिता उत्पन्नाच्या वर्षाच्या दोन्ही तारखा, १ एप्रिल अमुक ते ३१ मार्च तमुक, अशा लिहाव्यात. भरणा केल्यावर चलनाची प्रत त्याच खात्यास जोडावी आणि काही दिवसांनी कराच्या वार्षिक उताऱ्यात ती रक्कम योग्य वर्षाखाली दिसते की नाही हे पाहावे. चूक दिसल्यास संकेतस्थळावर ठरावीक मुदतीत ती स्वतः दुरुस्त करता येते. मुदत टळली तर अर्ज घेऊन आयकर अधिकाऱ्याकडे जावे लागते, आणि त्यात हंगामाचे दिवस मोडतात. घरातील जो तरुण हे चलन भरतो त्याच्या हाती ही दोन खाती आतापासूनच सोपवावीत.